जांभळ्या दिव्याखाली नोट कशी बघायची

खरी नोट जांभळ्या दिव्याखाली धरली की तिचा कागद अंधारात बुडतो आणि त्या अंधारात बारीक तंतू लकाकायला लागतात. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि पाचशेची नोट हातात धरून बघतच राहिले. शेवटी रांगेतल्या एका गृहस्थांनी काचेवर टकटक केली. पुढे तीस वर्षं एका सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर काढली, तो दिवा कायम उजव्या हाताला. आता निवृत्त झाल्यावर गल्लीतले दुकानदार, मेडिकलवाले, भाजीच्या गाळ्यावरच्या बायका नोट घेऊन घरी येतात. "ताई, जरा बघा ना." प्रत्येकाला दारात उभं राहून अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हणून बसले आहे.

आमचं घर नाशिकरोडला. इथे कुणी "प्रेसमध्ये आहे" म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, १९२८ साली करन्सी नोट प्रेस, आणि भारतात सरकारी नोटा छापायला सुरुवात झाली ती इथूनच. देवास, म्हैसूर, सालबोनी हे छापखाने नंतरचे. माझे वडील नोट प्रेसमध्ये होते. कामाबद्दल घरी अवाक्षर काढत नसत. पण दुकानदारानं परत दिलेली नोट खिशात टाकण्याआधी ते अंगठ्यानं एकदा चाचपायचे, ते आम्ही भावंडं रोज बघायचो. ती सवय माझ्याही हाताला लागली. म्हणून आधीच सांगते, दिवा ही दुसरी पायरी. पहिली पायरी बोटांची आणि डोळ्यांची, तिच्याकडे पुढे येतेच.

दिवा कोणता घ्यायचा

बाजारात ज्यांना यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या टॉर्च म्हणतात त्या बहुतेक दोन जातींच्या असतात, ३९५ नॅनोमीटरची आणि ३६५ नॅनोमीटरची. हा आकडा प्रकाशाच्या लहरीची लांबी सांगतो. आकडा जितका लहान, तितका तो प्रकाश आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांपासून लांब. ३९५ची टॉर्च स्वस्त असते, पण ती दिसणारा जांभळा उजेडही भरपूर टाकते. त्या उजेडात नोट, टेबल, तुमचा हात, सगळंच जांभळं होतं आणि नोटेतले बारीक तंतू त्यात हरवून जातात. पुष्कळ दुकानदारांची तक्रार असते की "ताई, आमच्या लाइटमध्ये काहीच कळत नाही." दहातल्या आठांकडे ३९५चीच निघते. ३६५ची घ्या, आणि तिच्या तोंडाशी काळी काच असेल तर उत्तम. ती काच उरलासुरला दिसणारा जांभळा उजेड अडवते. माझी मी साडेसहाशेला घेतली, चार्जिंगची.

दुकानात उभ्या उभ्या तपासायचं असेल तर स्टीलचं एखादं ताट किंवा डब्याचं झाकण मागून घ्या आणि टॉर्च त्यावर मारा. स्टील स्वतः चमकत नाही, पडलेला उजेड फक्त परत फेकतं. ३९५ असेल तर ताटात जांभळा भडक गोळा दिसेल. काळ्या काचेची ३६५ असेल तर अगदी मंद, राखाडीसा डाग. मग तीच टॉर्च झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर मारा. कागद निळा-पांढरा झगझगला पाहिजे. या दोन गोष्टी जमल्या की टॉर्च घेऊन टाका.

काउंटरवर ठेवायची पेटी घेणार असाल तर आत काळ्या नळ्या असतात. या नळ्या हळूहळू म्हाताऱ्या होतात. जांभळा उजेड दिसत राहतो, पण त्यातला कामाचा भाग कमी होत जातो आणि आपल्या लक्षात येत नाही. माझी पद्धत अशी होती की गल्ल्यात एक खात्रीची खरी नोट बाजूला ठेवायची आणि दर सोमवारी सकाळी आधी तीच दिव्याखाली धरायची. तिच्यातले तंतू फिके वाटायला लागले की नळी बदलायची. नळीवरची धूळ मात्र रोज पुसा. मसाल्याच्या आणि पिठाच्या दुकानात तर दोनदा.

आणखी एक, हे मनावर घ्या. करोनाच्या काळात लोकांनी वस्तू निर्जंतुक करायच्या यूव्ही पेट्या आणि नळ्या घेतल्या. त्या २५४ नॅनोमीटरच्या आसपासच्या असतात. त्या प्रकाशानं डोळे आणि कातडी भाजते. नोट बघायला तो दिवा कधीही वापरू नका. ३६५ची टॉर्चसुद्धा कुणाच्या डोळ्यांवर मारायची नाही आणि लहान मुलांच्या हाती खेळायला द्यायची नाही. तिचा उजेड मंद दिसतो म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण न दिसणारा प्रकाश डोळ्यात जातच असतो.

बघायचं कसं

अंधार करा. दुकानात ते जमत नसेल तर चपलांचं खोकं आडवं ठेवा, वरच्या बाजूला टॉर्चपुरतं भोक पाडा आणि नोट आत सरकवा. टॉर्च नोटेपासून वीतभर वर, थोडी तिरकी. डोळ्यांना सरावायला पाव मिनिट द्या. आणि नोट एकटी बघू नका, शेजारी त्याच किमतीची, त्याच मालिकेची, म्हणजे त्याच नमुन्याची, खात्रीची नोट ठेवा. नुसत्या आठवणीवर रंग ताडून बघणं मला तीस वर्षांत जमलं नाही, तुम्हालाही जमणार नाही.

सगळ्यात आधी कागद. नोटेचा कागद कापसाचा असतो. आपल्या वह्यांच्या किंवा झेरॉक्सच्या कागदात तो जास्त पांढरा दिसावा म्हणून एक रसायन घातलेलं असतं, ते न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. नोटेच्या कागदात ते नसतं. म्हणून खरी नोट दिव्याखाली मळकट, अंधारी राहते. साध्या कागदावर छापलेली खोटी नोट तिच्या शेजारी धरली की फरक समजावून सांगायची गरज पडत नाही, ती धुतलेल्या धोतरासारखी उजळते.

मग तंतू. हे बघायला मला आजही आवडतं. कागद तयार होतानाच लगद्यात हे तंतू मिसळलेले असतात, त्यामुळे ते वाटेल तिथे, वाटेल तसे पडलेले असतात. कुठे आडवा, कुठे वळलेला, कुठे अर्धा कागदाच्या पोटात गेलेला आणि अर्धाच वर आलेला. एकच तंतू नीट निरखलात तर त्याची कड कागदात विरघळल्यासारखी दिसते. २००५ नंतरच्या महात्मा गांधी मालिकेच्या मोठ्या नोटांत हे तंतू दुरंगी आहेत. एकाच केसाएवढ्या धाग्यावर दोन रंग. भिंगातून बघा, डोळ्यांचं पारणं फिटतं. माझ्या नातवानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "आजी, नोटेत किडे आहेत." मी त्याला दुसरी नोट दिली आणि म्हटलं, आता हिच्यातले किडे त्याच जागी आहेत का बघ. तो दहा मिनिटं दोन्ही नोटा घेऊन बसला.

त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण तपासणीतली सर्वांत उपयोगी युक्ती हीच आहे. खोटी नोट करणारे लोक चमकणाऱ्या शाईनं तंतूंसारख्या रेघा छापतात. एक नोट बघून फसायला होतं. पण छापलेली रेघ प्रत्येक नोटेवर त्याच जागी येते. तेव्हा संशयित नोटा दोन असतील तर शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत डाव्या कोपऱ्यातली हिरवी रेघ त्याच जागी, त्याच वळणाची निघाली, तर हात आवरा. खऱ्या दोन नोटांत तंतूंची मांडणी सारखी येत नाही.

त्यानंतर नंबर. नवीन मालिकेत तो वर डावीकडे आणि खाली उजवीकडे असतो आणि त्यातले आकडे लहानापासून मोठे होत जातात. नंबरची शाई दिव्याखाली चमकणारी असते. दोन्ही ठिकाणचा नंबर सारखाच उजळतो ना ते बघा. एक चमकतो आणि एक मेलेला दिसतो, अशी नोट बाजूला ठेवा.

शेवटी तार. पुस्तकी भाषेत सुरक्षा धागा, पण काउंटरवर सगळे तारच म्हणतात. जुन्या मालिकेची, मागे कांचनगंगेचं चित्र असलेली निळसर हिरवी शंभराची नोट अजून चालते, तीच घ्या. तिची तार मागच्या बाजूनं दिव्याखाली पिवळी चमकते आणि पुढच्या बाजूनं तारेवरची अक्षरं चमकतात. म्हणजे नोट उलटी करून बघणं आलंच. पुष्कळजण फक्त गांधीजींची बाजू बघून नोट गल्ल्यात टाकतात.

कागद, तंतू, नंबर, तार, या क्रमानं बघायला मला पाच सेकंद लागतात. तुम्हाला पहिल्या आठवड्यात अर्धं मिनिट लागेल. घाई करू नका.

नोव्हेंबर २०१६च्या त्या गर्दीत नवी दोन हजारची नोट आली, तेव्हा तिच्यात चिप आहे, ती उपग्रहावरून दिसते, अशी बातमी सगळीकडे पसरली होती. रांगेतली माणसं मला "दिव्याखाली चिप दाखवा" म्हणायची. तशी चिप त्या नोटेत नव्हती. रात्री आठपर्यंत कॅश मोजायचं चालायचं, तरी मी लोकांना नोट दिव्याखाली धरून तंतू दाखवायचे. जे खरंच तिथे होतं ते बघून माणसं खूश होऊन जायची.

चमकणारी खरी नोट

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं.

नोकरीला दहा-बारा वर्षं झाली होती. सिन्नरच्या बाजूच्या एक मावशी दर मंगळवारी बाजार करून आमच्याकडे पैसे भरायला यायच्या. रुमालात बांधलेल्या नोटा, दहाच्या, पन्नासच्या, एखाद-दुसरी पाचशेची. त्या दिवशी पाचशेची एक नोट दिव्याखाली गेली आणि निळी भक्क उजळली. सगळा कागद. मी मागचापुढचा विचार न करता काचेमागून म्हटलं, "मावशी, ही नोट खोटी आहे." मागे दहा माणसांची रांग होती. मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी रुमाल परत बांधायला घेतला, पण गाठ बसेना.

आमचे हेड कॅशियर उठून आले. त्यांनी नोट घेतली, आधी डोळे मिटून बोटांनी चाचपली, खिडकीकडे धरून पाणचिन्ह, म्हणजे उजेडाकडे धरल्यावर कागदात दिसणारं चित्र, पाहिलं, तार पाहिली, मग दिव्याखाली धरून त्या निळ्या उजेडातसुद्धा तंतू शोधले. तंतू होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मावशी, नोट धुतली गेली का?" मावशी म्हणाल्या, "नातवाच्या चड्डीच्या खिशात ऱ्हायली व्हती, धुण्यात गेली."

नोट खरी होती. धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून तेच रसायन असतं जे झेरॉक्सच्या कागदात असतं. आमच्या लहानपणी आई नीळ घालायची आणि सणासुदीच्या कपड्यांना टिनोपॉल नाहीतर रानीपाल. नीळ हा नुसता रंग, ती चमकत नाही. टिनोपॉल आणि रानीपाल चमकतात, आणि आता तशीच रसायनं पावडरीतच घातलेली असतात. नोटेचा कागद कापसाचा, म्हणजे तुमच्या सदऱ्याच्याच जातीचा. सदऱ्यानं जे पिऊन घेतलं ते नोटेनंही घेतलं.

पुढच्या मंगळवारी मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी एका सकाळी बिटकोजवळच्या बाजारात जाऊन त्यांना शोधलं आणि रांगेसमोर बोलले त्याची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमचं काम हाये, बाई." पण माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाल्या नाहीत. तेव्हापासून मी फक्त दिव्यावर भरवसा ठेवून कुणालाही "खोटी" हा शब्द ऐकवलेला नाही.

तेव्हा कागद चमकला तर पुढे काय करायचं ते नीट वाचा. धुतलेल्या नोटेची चमक सहसा एकसारखी नसते. घडीच्या रेघेवर, कडांना आणि जिथे शाई झिजली आहे तिथे जास्त, मधे कमी. नोट हाताला मऊ, कापडासारखी लागते. नाकाशी धरलीत तर कधीकधी पावडरीचा वाससुद्धा येतो. आणि मुख्य म्हणजे बाकीची लक्षणं जागेवर असतात. तंतू सापडतील, तार झुकवल्यावर रंग बदलेल, पाणचिन्ह दिसेल. खोट्या कागदाची चमक सपाट आणि कोरी असते, कडेपासून कडेपर्यंत एकसारखी. घरी प्रयोग करून बघायचा असेल तर जुन्या सुती फडक्याचे दोन तुकडे घ्या, एक साध्या पाण्यात बुडवा, एक पावडरीच्या पाण्यात, वाळवा आणि अंधारात दोन्हींवर टॉर्च मारा. नोट मात्र मुद्दाम धुवू नका.

दुसरा फसवा उजेड हळदीचा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या काउंटरवर व्यापाऱ्यांच्या ज्या नोटा यायच्या त्यांतल्या कितीतरी लक्ष्मीपूजनाला मांडलेल्या असायच्या. वर हळदीकुंकवाची बोटं. कुंकवाचं मी काही सांगत नाही, कारण कुंकू हल्ली कशाकशाचं करतात. पण हळद दिव्याखाली पिवळी-हिरवी इतकी तेजस्वी चमकते की तारेची चमक तिच्यापुढे फिकी पडते. किराणा दुकानात मसाला जोखणाऱ्या माणसाच्या हातच्या नोटांवर अशीच पिवळी बोटं उमटलेली असतात, दिवसा दिसतसुद्धा नाहीत. ठशाचा आकार बोटाचा असेल, कड धुरकट असेल, तर ती हळद समजा. हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो हे घरोघरी बायकांना माहीत असतं. नोटेवरचाही तसाच फिका होत जातो.

अभ्यासाच्या पुस्तकात रेघा मारायची ती चमकदार पेनंही अशीच फसवतात. त्यांची रेघ सरळ आणि जाड असते, ओळखू येते.

उलटंही होतं. तेलकट, मळलेल्या, खूप हातांतून गेलेल्या नोटेत तंतू आणि नंबर फिके दिसतात. मळ वरचा उजेड आत जाऊ देत नाही आणि आतला बाहेर येऊ देत नाही. दहाच्या आणि वीसच्या नोटांत हे फार. त्या वेळी नोट टाकाऊ ठरवू नका, बोटांकडे या.

बोटं आणि डोळे

पाचशेची नवी नोट घ्या. दोन्ही बाजूंच्या कडांना तिरक्या उठावाच्या रेघा आहेत, पाच. दोनशेच्या नोटेला चार आणि मधे दोन गोल. शंभराला चार. त्या अंधांसाठी आहेत, पण डोळस माणसानंही अंगठ्यानं फिरवून बघाव्यात. बाबा चाचपायचे ते हेच, शाईचा उठाव. गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभही उठावाचा लागतो. खूप वापरलेल्या नोटेत उठाव झिजतो, नव्या कोऱ्या दिसणाऱ्या नोटेत तो नसेल तर मात्र शंका घ्या.

तार हिरवी दिसते, नोट झुकवली की निळी होते. त्यावर "भारत" आणि आरबीआय ही अक्षरं. उजेडाकडे धरल्यावर कोऱ्या जागेत गांधीजी आणि ५०० हा आकडा. आणि दिव्याशिवाय दिसणारी एक लपलेली खूण आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. नोट डोळ्यांच्या रेषेत आडवी, तिरकी धरली की ५०० हा आकडा छपाईतून वर येतो. सरळ धरल्यावर तो नाही. हे मुलांना दाखवा, त्यांना टॉर्चही लागत नाही.

परदेशी नोटा

माझी मुलगी न्यू जर्सीला असते. ती आली की पर्समधल्या उरलेल्या नोटा मी आधी दिव्याखाली घालते. डॉलरच्या सगळ्या नोटा दिवसा एकाच कुळातल्या वाटतात, पण दिव्याखाली प्रत्येकीच्या तारेचा रंग वेगळा. पाचची निळी, दहाची नारिंगी, वीसची हिरवी, पन्नासची पिवळी आणि शंभराची गुलाबी. एक डॉलरच्या नोटेत तारच नाही, तेव्हा तिच्यात काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका. जुनी युक्ती अशी की कमी किमतीची खरी नोट धुवून कोरी करतात आणि तिच्यावर मोठी किंमत छापतात. कागद खरा, त्यामुळे तो चमकत नाही. पण तारेचा रंग त्यांना बदलता येत नाही. शंभराच्या नोटेत निळी तार दिसली की समजायचं, ही मुळातली पाचाची.

युरोचं वैभव निराळं. सध्याच्या मालिकेत पुढच्या बाजूला झेंड्यातले तारे आणि छोटे गोल पिवळे उजळतात. मागे मधोमध वर्तुळाचा पाव भाग हिरवा होतो आणि आडवा नंबर लाल. ब्रिटनच्या नोटेवर दिव्याखाली किमतीचा आकडा लाल आणि हिरव्या रंगात उभा राहतो, दिवसा त्या जागी काही दिसत नाही. हे बघून आपल्याही नोटेत असं मोठं चित्र शोधत बसू नका. आपल्याकडे रिझर्व्ह बँक ज्या गोष्टी सांगते त्या म्हणजे तंतू, नंबर आणि तार. चित्रांची हौस युरोवर भागवा, तपासणीला या तीन पुरेत.

मोबाइलवर फोटो काढायचा असेल तर फ्लॅश बंद, मोबाइल एखाद्या डब्याला टेकवून स्थिर, आणि टॉर्च बाजूनं. समोरून मारली तर नोटेच्या मधोमध जांभळा गोळा येतो.

शंका पक्की झाली तर

गिऱ्हाईक समोर असेल तर आवाज खाली ठेवून म्हणा, "दादा, दुसरी नोट असेल तर द्या, ही एकदा बँकेत दाखवून घ्या." भांडू नका, नोट फाडू नका. त्या माणसाला ती दुसऱ्या कुणाकडून आलेली असते, तुमच्यासारखीच.

नोट तुमच्या गल्ल्यात आली असेल तर ती पुढे कुणाला खपवू नका. खोटी आहे हे माहीत असताना चालवणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १७८ ते १८२ याच विषयाची आहेत. नोट बँकेत घेऊन जा. बँकेनं ती खोटी ठरवली तर तिच्यावर तसा शिक्का मारून ती ठेवून घेतात, परत देत नाहीत आणि तिचे पैसेही मिळत नाहीत. हे वाईट वाटतं, मला काउंटरच्या या बाजूनंही वाईट वाटायचं. पण त्या बदल्यात पावती देणं बँकेवर बंधनकारक आहे. पावतीवर कॅशियरची आणि तुमची सही असते. तुम्ही सही करायला नकार दिलात तरी पावती द्यावी लागते. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या तर गुन्हा नोंदवला जातो.

म्हणून बँकेत जाताना नोट कुणाकडून, कधी, कशाच्या बदल्यात आली ते आठवेल तेवढं चिठ्ठीवर लिहून न्या. नोट घडी न घालता कोऱ्या पाकिटात ठेवा, तिच्यावर पेननं फुली मारू नका. आणि पावती हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका.